घोणसचं विष प्लाझ्मा गोठवत नाही, फुरशाचं लगेच गोठवतं: विष मेलंय की पद्धत चुकतेय?

प्रयोगवही

नमस्कार मंडळी,

फुरसे आणि घोणस यांच्या विषाची किमान गोठणमात्रा काढायची आहे. म्हणजे ३७ अंशांवर ६० सेकंदांत प्लाझ्माची गुठळी करणारं कमीत कमी विष. मांडणी अशी:

दोन्ही विषं परवानाधारक संस्थेकडून आलेली, गोठवून सुकवलेली. पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या द्रावणात) १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर विरघळवून पुढे पातळ केली. प्लाझ्मा निरोगी रक्तदात्यांचा, निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीतला, एकत्र करून उणे ८० वर ठेवलेला. काचेच्या छोट्या नळीत २०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, ५ मिनिटं ३७ अंशांच्या पाण्यात, मग ५० मायक्रोलिटर विष टाकून स्टॉपवॉच सुरू आणि नळी तिरकी करत पाहायचं.

फुरशाचा आलेख झकास येतो, मात्रा वाढली की वेळ कमी. घोणसचं मात्र १० मायक्रोग्रॅम घातलं तरी १० मिनिटांनी प्लाझ्मा पाण्यासारखा. १०० मायक्रोग्रॅमलाही तेच. जेलवर प्रथिनांचे पट्टे जागच्या जागी आहेत.

प्रश्न तीन. विष निकामी झालंय का? घोणस चावल्यावर रुग्णाचं रक्त गोठत नाही, मग हे विष मुळातच रक्त पातळ करणारं, असं तर नाही ना? आणि ही चाचणी बसली की उंदीर न वापरता एएसव्हीची (सर्पदंशावर देतात त्या प्रतिविषाची) ताकद हिच्यावरच मोजता येईल का?

जुनी_बाटली

पहिला संशय साठवणीवर. सुकं विष हवेतली ओल पटकन ओढतं. बाटली उणे २० वरून काढून लगेच उघडली की आत दव धरतं आणि दोन-चार वेळा असं झालं की विकरं मरायला लागतात. बाटली बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, मग उघडायची. द्रावण केलं असेल तर छोट्या भागांत विभागून एकदाच गोठवायचं, पुन्हा पुन्हा वितळवायचं नाही. नवी बाटली मागवून पाहा.

घटक_दहा

साठवणीचं सगळं बरोबर, पण नवी बाटली मागवू नका, तीही अशीच वागेल. विष मेलेलं नाही. तुमच्या नळीत कॅल्शियम नाही.

घोणसच्या विषातलं मुख्य गोठवणारं विकर म्हणजे आरव्हीव्ही-एक्स. ते रक्तातल्या दहाव्या गोठणघटकाला चालू करतं. हा घटक कॅल्शियम धरून नीट आकारात आल्याशिवाय विकराच्या हाताला लागत नाही. चालू झाल्यावर तो प्रोथ्रॉम्बिन कापून गुठळी करणारं थ्रॉम्बिन बनवतो, तिथेही कॅल्शियम आणि फॉस्फोलिपिडचा (पेशींच्या पटलातल्या मेदाचा) पृष्ठभाग लागतो. सायट्रेटने नेमकं तेच कॅल्शियम बांधून ठेवलंय. विषातलं दुसरं विकर, आरव्हीव्ही-व्ही, पाचव्या घटकाला कॅल्शियमशिवायही चालू करतं, पण एकटा पाचवा घटक चालू होऊन गुठळी होत नाही.

फुरशाची वाट वेगळी. त्याचं एकॅरिन थेट प्रोथ्रॉम्बिनवर जातं. त्याला कॅल्शियम नको, फॉस्फोलिपिड नको, पाचवा घटकही नको. म्हणून एकाच नळीत एक विष पळतं आणि दुसरं बसून राहतं. खरं तर हा दोन विषांतला फरक ओळखायचा सोपा उपाय आहे, तुम्ही चुकून केलात.

आता किती घालायचं. ३.२ टक्के सायट्रेट म्हणजे १०९ मिलिमोलर. ९ भाग रक्ताला १ भाग, पण सायट्रेट तांबड्या पेशींत शिरत नाही, प्लाझ्मातच राहतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्के धरला तर प्लाझ्मात ते साधारण १८ मिलिमोलर पडतं. १०० मायक्रोलिटर प्लाझ्मा, ५० विष आणि १०० मायक्रोलिटर २५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घेतलं तर एकूण २५० मध्ये सायट्रेट ७ च्या आसपास आणि कॅल्शियम १०. वर उरतं तेवढं पुरतं. आता हेच २०० प्लाझ्मा, ५० विष, ५० कॅल्शियम असं केलंत तर सायट्रेट १२ आणि कॅल्शियम ४, म्हणजे पुन्हा शून्य. मोजून घाला, अंदाजे टिचकीभर नको. जास्त झालं तरी वेळ लांबतो.

द्रावण करताना बाटलीवरचं लेबल वाचा. दोन रेणू पाणी असलेलं कॅल्शियम क्लोराइड असेल तर १०० मिलिलिटरला ०.३६८ ग्रॅम, निर्जल असेल तर ०.२७८ ग्रॅम. निर्जल पूड ओल धरून ढेकळं झालेली असेल तर वजन खोटं निघणार.

पीबीएस सोडा. फॉस्फेट कॅल्शियमला धरून साका करतं. डोळ्याने पाहताना तो गुठळीसारखा भासतो आणि प्रकाशावर चालणारं यंत्र असेल तर तेही फसतं. २५ मिलिमोलर हेपेस किंवा ट्रिस (पीएच स्थिर ठेवणारी रसायनं), १५० मिलिमोलर मीठ, पीएच ७.४, त्यात ०.१ टक्के बोवाइन अल्ब्युमिन. अल्ब्युमिन का, तर नॅनोग्रॅमच्या पातळीवर विष नळीच्या भिंतीलाच चिकटतं आणि मात्रा आपोआप घटते. जेलसाठी वेगळं द्रावण ठेवा, नाहीतर तिथे अल्ब्युमिनचाच जाडजूड पट्टा दिसेल.

मात्रा १० मायक्रोग्रॅमपासून सुरू करू नका. १ मायक्रोग्रॅमपासून दसपटीने उतरत ०.००१ पर्यंत जा, मग ज्या टप्प्यात वेळ २० ते १५० सेकंद येतो तिथे निम्म्या-निम्म्याने. दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन रेषा काढा आणि ६० सेकंदांवर वाचा. खूप जास्त मात्रेला वेळ पुन्हा लांबताना दिसला तर दचकू नका. घोणसच्या विषात फॉस्फोलायपेज भरपूर असतं, ते गोठणक्रियेला लागणारं फॉस्फोलिपिडच खातं.

दुसऱ्या प्रश्नाचं: गोठवणं आणि रक्त पातळ होणं, दोन्ही त्याच विषाने होतं. नळीत प्लाझ्मा ठरावीक, गुठळी एकदा झाली की खेळ संपला. शरीरात विष तासन्‌तास घटक चालू करत राहतं, फायब्रिन, म्हणजे गुठळीचे धागे, बनत राहतं, शरीर ते विरघळवत राहतं आणि त्याचा कच्चा माल असलेल्या फायब्रिनोजेनचा साठा संपतो. महिन्याचं धान्य एका पंगतीत वाढून टाकल्यावर दुसऱ्या पंगतीला काय उरणार? रुग्णाचं न गोठणारं रक्त म्हणजे ती दुसरी पंगत.

निळं_झाकण

घटक_दहा यांच्याशी सहमत. प्लाझ्माबद्दल काही भर.

एकदा फिरवलेला प्लाझ्मा गोठवला असेल तर त्यातल्या उरलेल्या प्लेटलेट्स वितळताना फुटतात आणि आपलं फॉस्फोलिपिड सोडतात. फुरशाला त्याने फरक पडत नाही, घोणसला चांगलाच पडतो. १५०० जी वर १५ मिनिटं फिरवा, वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या पिपेटने काढा, तळाशी थोडा सोडा, आणि तोच पुन्हा १५ मिनिटं फिरवा. मग गोठवा. वितळवताना ३७ अंशांच्या पाण्यात ५ मिनिटं, हलक्या हाताने उलटसुलट करून. फ्रिजमध्ये सावकाश वितळवला की थंडीत फायब्रिनोजेन आणि आठवा घटक तळाशी बसतात आणि वरचा प्लाझ्मा फसवा उरतो.

प्लेटलेट्स काढल्यावर फॉस्फोलिपिड कमी पडेल, ते बाहेरून ठरावीक मात्रेत घाला म्हणजे रोजचे आकडे एकमेकांशी जुळतील.

काचेची नळी सोडा, पॉलिस्टायरीन घ्या. आत्तापर्यंत काच चालली, कारण कॅल्शियम नव्हतं. काचेच्या स्पर्शाने बारावा घटक चालू होतोच, कॅल्शियम घातलं की ती साखळी पुढे जाते आणि विष नसतानाही प्लाझ्मा काही मिनिटांत गोठतो. विषाशिवायची नळी प्रत्येक वेळी लावा. तिचा वेळ तुमच्या सर्वांत लांब वाचनाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर ती वाचनं टाकून द्या.

ईडीटीएच्या जांभळ्या नळीचा प्लाझ्मा अजिबात नको. आरव्हीव्ही-एक्स आणि एकॅरिन दोन्ही जस्त धरून काम करणारी विकरं आहेत, ईडीटीए ते जस्तच काढून नेतो. मग फुरशाचं विषही मेल्यासारखं दिसेल. हिरव्या झाकणाच्या हेपॅरिन नळीत गंमत वेगळी: एकॅरिनमुळे प्रोथ्रॉम्बिनपासून होणारं मेझोथ्रॉम्बिन (थ्रॉम्बिनच्या आधीचं रूप) हेपॅरिनला फारसं दबत नाही, म्हणून फुरसे तिथेही गोठवेल. घोणस अडकेल, कारण दहावा घटक हेपॅरिनच्या तावडीत सापडतो.

विष जिवंत आहे याची खात्री हवी असेल तर एखाद्या मोठ्या रक्तपेढीच्या किंवा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ल्युपस अँटिकोॲग्युलंटच्या (गोठण्याच्या चाचण्यांचा वेळ लांबवणाऱ्या प्रतिपिंडांच्या) तपासणीचा संच असतो. त्यातलं अभिकर्मक म्हणजे पातळ केलेलं घोणसचंच विष. तुलनेची नळी म्हणून ते लावा. मात्र त्यात कॅल्शियम आणि फॉस्फोलिपिड आधीच घातलेलं असतं, वरून पुन्हा घालू नका. रिव्हारोक्सॅबान (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्या दात्याचा प्लाझ्मा चुकून आला तर या तपासणीत वेळ लांबतो, हेही ध्यानात ठेवा. तिथे दोष विषाचा नसतो.

अवांतर: घोणसच्या विषाचा असा उपयोग नवा नाही. १९३४ साली लंडनमध्ये मॅकफार्लेन यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचा रक्तस्राव जागच्या जागी थांबवायला हेच विष १ ला १०,००० असं पातळ करून वापरलं. आणि फुरशाच्या विषातल्या एकिस्टॅटिन या ४९ अमिनो आम्लांच्या छोट्या प्रथिनावरून टिरोफिबानचा आराखडा सुचला. ते हृदयविकाराच्या रुग्णांत प्लेटलेट्स चिकटू न देण्यासाठी देतात, अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. ते प्लेटलेट्सवर काम करतं म्हणून तुमच्या प्लाझ्माच्या नळीत त्याचा पत्ता लागणार नाही, पूर्ण रक्त घेतलंत तर लागेल.

प्रयोगवही

घटक_दहा, निळं_झाकण, मनापासून आभार. हेपेस आणि २५ मिलिमोलर कॅल्शियमने घोणस गोठवायला लागली, आणि खरंच मात्रा खूप खाली आणावी लागली. दोन अडचणी उरल्या. क्रम कोणता ठेवायचा, कारण विष आधी आणि कॅल्शियम नंतर घातलं तर एक आकडा, उलट केलं तर दुसरा. आणि एएसव्हीचा प्रश्न तसाच आहे.

घटक_दहा

क्रमाने फरक पडणारच. विष सायट्रेटच्या प्लाझ्मात आधी घातलं की तेवढ्या वेळात आरव्हीव्ही-व्ही पाचवा घटक चालू करून ठेवतं, मग कॅल्शियम पडताच धाव लवकर संपते. कॅल्शियम आधी घातलं तर प्लाझ्माचं स्वतःचं घड्याळ सुरू होतं. दोन्ही टाळायचं तर विष कॅल्शियमच्या द्रावणातच मिसळा आणि ते १५० मायक्रोलिटर एकदम प्लाझ्मावर सोडा. पीटीच्या (प्रोथ्रॉम्बिन टाइमच्या) तपासणीत गोठणं सुरू करणारं थ्रॉम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम एकत्रच असतात, तसंच. दोन्ही बाजू आधी ३७ अंशांवर आलेल्या हव्यात. गार कॅल्शियम घातलं की पाच-दहा सेकंद फुकट जातात, आणि २० सेकंदांच्या वाचनात ते फार होतात.

फुरशालाही आता कॅल्शियम घालून आणि न घालून असे दोन आलेख काढा. एकिस या फुरशाच्या गणातल्या सापांत कॅल्शियम लागणारं प्रोथ्रॉम्बिन-विकरही सापडलंय, त्यामुळे दोन रेषा तंतोतंत एकावर एक बसतीलच असं नाही.

ईडी_पन्नास

एएसव्हीबद्दल.

करायचं कसं: दोन किमान गोठणमात्रांएवढं विष घ्या. ते एएसव्हीच्या वेगवेगळ्या मात्रांबरोबर ३७ अंशांवर ३० मिनिटं ठेवा. मग प्लाझ्मा आणि कॅल्शियम. नुसत्या विषाच्या वेळेच्या तिप्पट वेळ ज्या मात्रेला येतो ती प्रभावी मात्रा, एक मिलिग्रॅम विषाला इतके मायक्रोलिटर एएसव्ही अशी लिहा. बाटलीतली पूड १० मिलिलिटर पाण्यात विरघळवताना जोरात हलवू नका, फेस आला की प्रथिन बिघडतं. गोल गोल फिरवत दहा-पंधरा मिनिटं द्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते नियंत्रण. एएसव्हीत घोड्याची प्रथिनं, ग्लायसिन, मीठ आणि जंतुरोधक म्हणून क्रेसॉल किंवा फिनॉल असतं. विष नसलेली, नुसत्या एएसव्हीची नळी लावा. तिच्यातच प्लाझ्माचा वेळ लांबत असेल तर तुम्ही मोजताय ती विषाची मारलेली ताकद नसून क्रेसॉलची करामत आहे. साप न चावलेल्या घोड्याची, म्हणजे विष न टोचलेल्या घोड्याची त्याच पद्धतीने काढलेली प्रतिपिंडं मिळाली तर उत्तमच.

आता मूळ प्रश्न, उंदरांऐवजी हे चालेल का. चाळणी म्हणून चालेल, निकाल म्हणून नाही. चार सापांवर चालणाऱ्या भारतातल्या एएसव्हीच्या लेबलवर लिहिलेलं असतं: १ मिलिलिटर एएसव्ही नागाचं ०.६, घोणसचं ०.६, मण्यारचं ०.४५ आणि फुरशाचं ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करतं. हे आकडे उंदरांच्या जगण्या-मरण्यावर काढलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत निम्मे उंदीर मारणाऱ्या मात्रेच्या ३ ते ५ पट विष एएसव्हीबरोबर ३० मिनिटं ठेवून १८ ते २० ग्रॅमच्या उंदरांना शिरेतून देतात आणि २४ तासांनी मोजतात. तुमच्या नळीत फक्त गोठणं मोजलं जातं. घोणस चावल्यावर माणूस मूत्रपिंडं बंद पडून, केशवाहिन्या गळून, रक्तदाब कोसळूनही जातो. यातलं बरंच फॉस्फोलायपेजमुळे, आणि ते तुमच्या स्टॉपवॉचला दिसत नाही. नाग-मण्यार यांच्यासाठी तर ही चाचणी निरुपयोगीच, त्यांचा मार मज्जातंतूंवर.

कोण किती करतंय हे वेगळं काढायचं असेल तर दोन छोटे रेणू कामाचे आहेत. वारेस्प्लॅडिब फॉस्फोलायपेज अडवतं, मारिमास्टॅट धातूवर चालणारी विकरं अडवतं. मारिमास्टॅट घातल्यावर गोठणं थांबलं आणि वारेस्प्लॅडिबने वरच्या मात्रेतला उलटा वळलेला भाग सरळ झाला, तर तुमच्या विषाचं चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. मारिमास्टॅट डीएमएसओ या द्रावकात विरघळवत असाल तर तेवढंच डीएमएसओ घातलेली नळी लावायला विसरू नका.

आणि विष कुठलं हे वहीत लिहा. भारतात एएसव्ही बनवायला लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येतं. ती १९७८ पासून काम करते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या गटाने २०२१ साली दाखवलं की वेगवेगळ्या प्रदेशांतल्या घोणसच्या विषाची घडण आणि जहालपणा बदलतो आणि एकच एएसव्ही सगळीकडे सारखं पुरत नाही. त्यामुळे ‘घोणसवर एएसव्ही कमी पडलं’ असं वाक्य लिहाल तेव्हा साप कुठला, प्रौढ की पिल्लू, आणि विष एका सापाचं की अनेकांचं मिसळलेलं, हे शेजारी हवं. विषाचं वजन नको, प्रथिनाचं प्रमाण धरा. सुक्या पुडीत पाणी आणि क्षार असतातच.

काचनळी

या धाग्यात काच सोडा असं वाचून कोणी ग्रामीण रुग्णालयातली काच सोडू नये म्हणून लिहितो आहे.

रुग्णाजवळ करायच्या वीस मिनिटांच्या चाचणीत काच हवीच. तिथे रक्त स्वतःहून गोठतं की नाही हे पाहायचं असतं, आणि ती सुरुवात काचेच्या स्पर्शानेच होते. २ मिलिलिटर ताजं शिरेतलं रक्त, कोरडी स्वच्छ काचनळी, खोलीच्या तापमानाला २० मिनिटं न हलवता उभी. मग एकदाच तिरकी. वाहिलं तर रक्त गोठत नाही, एएसव्हीची गरज आहे.

बिघडतं ते असं. नळी साबणाच्या पाण्याने धुतलेली असते, आतल्या भिंतीवर पातळ थर राहतो आणि निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही. प्लास्टिकच्या नळीत तेच. ओली नळी असेल तर रक्तपेशी फुटतात. कोणीतरी दहाव्या मिनिटाला उचलून पाहतं, होत आलेली गुठळी मोडते. शंका आली तर नातेवाइकाचं रक्त शेजारच्या नळीत लावा, तेही वाहिलं तर नळीच खराब.

पहिली नळी गोठली म्हणजे विष नाही असं नव्हे. फायब्रिनोजेन बरंच खाली गेल्यावरच ही चाचणी बोलते, म्हणून ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते. एएसव्ही दिल्यावर मात्र पुढची नळी ६ तासांनी. विष निष्प्रभ झालं तरी यकृताला नवे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो. दर तासाला नळी लावून ‘अजून गोठत नाही’ म्हणत बाटल्या वाढवत नेणं ही नेहमीची चूक. सुरुवातीच्या १० बाटल्यांचं गणित वरच्या लेबलातूनच येतं: १०० मिलिलिटर गुणिले ०.६ म्हणजे ६० मिलिग्रॅम, आणि घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम सोडते असं धरलं जातं.

केरळ आणि दक्षिण सह्याद्रीतल्या हंप-नोज्ड पिट व्हायपरच्या दंशातही रक्त गोठत नाही, पण आपल्या एएसव्हीत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडंच नाहीत.

जुनी_बाटली

बाटलीबद्दलचा माझा अंदाज चुकला, कॅल्शियमचं लक्षात आलं नाही. सुरक्षेचं मात्र सांगतोच.

सुकं विष स्थिर विजेने उडतं. चमच्याने १ मिलिग्रॅम काढून तोलायच्या फंदात पडू नका, वजनही चुकतं आणि धूळही नाकात जाते. वारंवार अशी धूळ गेली की शिंका, डोळे लाल, पुढे दमा आणि कधी थेट ॲनाफिलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) होतो, चावा न बसताही. आख्ख्या बाटलीत सुईने झाकणातूनच द्रावक सोडा. आतली हवा दुसऱ्या सुईने बाहेर येऊ द्या, नाहीतर दाबाने विष उसळून तोंडावर येतं. चष्मा हवा, वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवायचं नाही, आणि खोलीत ॲड्रेनलिन कुठे ठेवलंय हे सगळ्यांना माहीत हवं.

कागदपत्रं: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम १२ खाली संशोधनासाठी आणि जीवरक्षक औषधांसाठी विष काढायला परवानगी मिळते. बाटलीबरोबर आलेल्या परवान्याची प्रत आणि किती मिलिग्रॅम वापरलं, किती उरलं याची नोंद एकाच फाइलमध्ये ठेवा. उंदरांपर्यंत गेलात तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी घ्या.

प्रयोगवही

सगळं टिपून घेतलं. नव्या मांडणीत विषाशिवायची नळी, नुसत्या एएसव्हीची नळी आणि डीएमएसओची नळी अशा तीन नियंत्रक नळ्या रोज लावतोय. ईडी_पन्नास, एक शेवटचं: दोन गोठणमात्रांऐवजी पाच घेतल्या तर काय बिघडतं?

ईडी_पन्नास

वेळ इतका लहान होतो की तिप्पट झाला तरी तो नळी तिरकी करण्याच्या हाताच्या चुकीत बुडतो. यंत्र असेल तर घ्या, हाताने करत असाल तर दोनवरच थांबा.